सेक्युलर आणि धार्मिक यहुदी गट: फरक नेमका कुठे पडतो आणि दोघांना धरून एक गट कसा चालवावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: तेल अवीवच्या आसपास राहणारी काही मंडळी शुक्रवारी संध्याकाळी नियमित जमायचं म्हणताहेत. काही बेने इस्रायल, म्हणजे मराठी यहुदी, घरांतली, काही इस्रायलमध्येच वाढलेली, दोघं-तिघं अमेरिकेहून आलेली. निम्मे देव मानत नाहीत, दोन कुटुंबं मात्र शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा कामवर्ज्य दिवस, काटेकोर पाळतात. सेक्युलर गट आणि धार्मिक गट यांत फरक फक्त देव मानण्या-न मानण्याचा आहे का? आणि दोघांना धरून एकच गट चालतो का?

चालतो. पण देव आहे की नाही यावरून गट मोडेल ही भीती आधी काढून टाका. त्या विषयावर यहुदी माणसं चार तास भांडतात आणि मग एकाच टेबलावर जेवायला बसतात. गट मोडतो तो मायक्रोफोनवरून, कुणीतरी हौसेनं आणलेल्या चीजवरून, आणि एखाद्याचे वडील गेल्यावर कद्दिशसाठी, म्हणजे मृताच्या मागे म्हणायच्या प्रार्थनेसाठी, लागणारे दहा जण मोजताना बायकांना धरायचं की नाही यावरून.

याचं कारण असं की इथे दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले जातात. पहिला, प्रार्थनेत देवाला उद्देशून बोलायचं की नाही. दुसरा, नियम कोणाचा? हलाखा, म्हणजे परंपरेचा धर्मनियम, तुमच्या इच्छेपलीकडे बंधनकारक आहे, की गट बसून ठरवेल तो नियम? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांना बांधलेली नाहीत. ऑर्थोडॉक्स, म्हणजे सनातनी, गटात दोन्हींना ठाम होकार आहे. अमेरिकेतल्या ह्युमनिस्टिक यहुदी गटात दोन्हींना नकार आहे. अधलेमधले बघितले की खरी गंमत कळते. मोर्दखाय काप्लान यांनी १९३४ साली यहुदी धर्म ही एक संपूर्ण संस्कृती आहे अशी मांडणी केली. अलौकिक, हस्तक्षेप करणारा देव त्यांना मान्य नव्हता, पण शब्बाथ, कोशेर (खाण्याचे धर्मनियम पाळणारं) स्वयंपाकघर, हिब्रू प्रार्थना हे सगळं त्यांनी ठेवलं. १९४५ मध्ये त्यांच्या मंडळींचं प्रार्थनापुस्तक आलं, त्यात ‘निवडलेले लोक’ ही कल्पना काढलेली होती. न्यूयॉर्कमधल्या ऑर्थोडॉक्स रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, एका संघटनेनं त्यांना बहिष्कृत केलं आणि त्या सभेत पुस्तकाची प्रत जाळली गेली. याच्या उलट टोकाला झाल्मान शाख्तर-शालोमी यांची रिन्यूअल चळवळ. हसिदी, म्हणजे भक्तिमार्गी यहुदी, परंपरेतून आलेली, देवाशी थेट बोलणारी, ध्यान, नाच, निगुन म्हणजे बिनशब्दांची धून, यांनी भरलेली. पण हलाखा मात्र सैल धरणारी. एकीकडे देव पातळ आणि आचार घट्ट, दुसरीकडे भक्ती घट्ट आणि आचार सैल. यातल्या कुणाला ‘सेक्युलर’ म्हणायचं?

आकडेही हेच सांगतात. प्यू संस्थेच्या २०२०च्या पाहणीत बायबलमध्ये वर्णन केलेला देव मानणारे अमेरिकन यहुदी २६ टक्के होते, तर वल्हांडण सणाच्या सेदरला, म्हणजे विधीच्या जेवणाला, बसलेले ६२ टक्के. इस्रायलमधली पाहणी त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केली. तिथले सुमारे निम्मे यहुदी स्वतःला हिलोनी, म्हणजे सेक्युलर म्हणवतात, आणि त्या हिलोनींपैकी ८७ टक्के सेदरला बसले होते. तेव्हा तुमच्या गटातला ‘देव न मानणारा’ माणूस सणाला येणार, गाणार, आणि आजीच्या पद्धतीत कुणी बदल केला तर भांडणारही.

तुमच्या गटात अमेरिकेहून आलेले आहेत म्हणून आणखी एक भेद आताच सांगून ठेवतो, नाहीतर दोन सेक्युलर माणसांतच आधी जुंपते. अमेरिकन सेक्युलर परंपरेचा एक मोठा प्रवाह रब्बी शेरविन वाइन यांच्यापासून येतो. त्यांनी १९६३ मध्ये डेट्रॉइटच्या उपनगरात बर्मिंगहॅम टेंपल सुरू केलं. त्यांचा आग्रह एकच: जे मानत नाही ते तोंडानं म्हणायचं नाही. म्हणून प्रार्थनेतून देव पूर्ण काढला, नवी गद्यं आणि गाणी लिहिली. इस्रायलमधला सेक्युलर गट सहसा असं करत नाही. तो जुना मजकूर तसाच ठेवतो, त्याच्या शेजारी बियालिक किंवा लेआ गोल्डबर्ग यांची कविता ठेवतो, आणि दोन्ही साहित्य म्हणून वाचतो. तेल अवीव बंदरावर उन्हाळ्यात शुक्रवारी समुद्राकडे तोंड करून शब्बाथचं स्वागत करणारी ‘बेत तफिला इस्राएली’ मंडळी याच वळणाची. वाइन यांच्या पठडीतल्या माणसाला हे ढोंग वाटतं, आणि इस्रायली माणसाला मूळ शब्द काढणं म्हणजे स्वतःच्याच भाषेचे लचके तोडणं वाटतं. माझं मत विचाराल तर हिब्रू घरची भाषा असलेल्या गटात मजकूर ठेवून त्याच्याशी वाद घालण्याची पद्धत जास्त टिकते. नव्यानं लिहिलेली प्रार्थना पाचेक वर्षांत जुनाट वाटू लागते.

आणि धार्मिक बाजू सैल झाली तरी तिलाही कुंपण असतं. सिनसिनाटीच्या बेथ अॅडम या मंडळीनं देवाचा उल्लेख नसलेली प्रार्थना स्वीकारली होती. तिचा अमेरिकन रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, संघात येण्याचा अर्ज १९९४ मध्ये नाकारला गेला. हलाखा बंधनकारक न मानणाऱ्या संघानंही देवाच्या प्रश्नावर रेघ ओढली.

आता प्रत्यक्ष शुक्रवार.

पहिली अडचण घड्याळाची. सेक्युलर गट घड्याळावर चालतो: दर शुक्रवारी सात वाजता. धार्मिक कुटुंब सूर्यावर चालतं: दिवे सूर्यास्ताआधी लावायचे, सर्वसाधारण रीत १८ मिनिटं आधी, यरुशलेममध्ये ४० मिनिटं. तेल अवीवला डिसेंबरात सूर्य पावणेपाचच्या आत मावळतो, जूनच्या शेवटी पावणेआठनंतर. म्हणजे तुमचे ‘सात’ उन्हाळ्यात शब्बाथच्या आधी येतात आणि हिवाळ्यात शब्बाथ लागून दोन तास झालेले असतात. हिवाळ्यात त्या दोन कुटुंबांना गाडी चालवून येता येणार नाही, आणि तुम्ही त्यांच्यादेखत सात वाजता दिवे लावलेत तर त्यांच्यासाठी तो चक्क शब्बाथभंग. उपाय: जागा त्या कुटुंबांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्या, आणि हिवाळ्यात वेळ सूर्यास्ताच्या पाऊण तास आधीची ठेवा. बहुतेकांना शुक्रवारी सुट्टी असते, त्यामुळे वाटतं तितकं हे अवघड नाही. गिटार, दरबुका, माइक, जे काय आहे ते या पाऊण तासात. दिवे लागले की वाद्यं पेटीत, पुढे फक्त गळे. ज्यांना वाद्यं प्रिय आहेत ते पहिले दोन महिने कुरकुरतात. नंतर बिनवाद्यांचं गाणंच लोकांना अधिक आवडायला लागतं, कारण गाणारा एक आणि ऐकणारे तीस असा प्रकार बंद होतो.

दिव्यांची बराखा, म्हणजे ते लावताना म्हणायचं धन्यवचन, हा पहिला नाजूक क्षण. पारंपरिक बराखेत दोन गोष्टी लागतात, देवाचं नाव आणि त्याचं राजेपण. त्या नसतील तर ती हलाखेच्या हिशेबात बराखा ठरत नाही आणि धार्मिक माणूस तिला ‘आमेन’ म्हणणार नाही. उलट, नुसतं गाणं म्हणून पूर्ण नावासकट बराखा चार वेळा आळवली तर तेही त्याला खटकतं, कारण विनाकारण नाव घेणं वर्ज्य आहे. तालमीत म्हणूनच नावाच्या जागी ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’, म्हणतात. सेक्युलर बाजूला पर्याय आहेत. कवयित्री मार्शा फाल्क यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाठात ‘तू धन्य आहेस’च्या जागी ‘आपण जीवनाच्या झऱ्याला धन्य म्हणू’ अशी रचना आहे. ह्युमनिस्टिक पाठात जगातल्या आणि माणसातल्या प्रकाशाला धन्य म्हटलेलं असतं. पुष्कळ गट चांगुलपणा म्हणून तिन्ही पाठ एकामागून एक म्हणतात. ते करू नका. तीन पाठ ओळीनं आले की लोक प्रकाशाकडे बघत नाहीत, कुठल्या पाठाला कोण गप्प बसलं ते बघतात. त्यापेक्षा टेबलावर एक मोठा ट्रे ठेवा, प्रत्येक घरानं आपल्या दोन वाती आणाव्यात, आपापली बराखा पुटपुटत लावाव्यात, आणि नंतर सगळ्यांनी मिळून एक निगुन धरावा. निगुनला शब्दच नसतात.

किद्दूशचं, म्हणजे जेवणाआधी वाइनच्या पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या पाठाचं, तंत्र वेगळं. तो बंधन मानणाऱ्यानं म्हणावा, ऐकणाऱ्यानं त्याच हेतूनं ऐकावा आणि तिथेच जेवावं, अशी अट आहे. देव न मानणाऱ्यानं काव्य म्हणून किद्दूश म्हटला की धार्मिक पाहुणा कोपऱ्यात जाऊन हळूच परत म्हणतो, आणि ते बघून यजमानाचा पारा चढतो. पाळणाऱ्या कुटुंबातल्या कुणाला तरी तो एकदाच म्हणू द्या, बाकीच्यांनी उभं राहून ऐकावं. देणंघेणं म्हणून टेबलावरचं दुसरं काहीतरी, समजा त्या आठवड्याच्या पराशेवरचे दोन शब्द, सेक्युलर माणसाकडे कायमचं द्या. पराशा म्हणजे आठवड्याला नेमलेला तोराचा, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचा, भाग. ते वर्षात ५४ आहेत.

प्रार्थनेचा गाभा निवडताना एक सोपी गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शुक्रवारच्या संध्याकाळचा बराच भाग मिन्यानशिवाय, म्हणजे दहा प्रौढांच्या गणसंख्येशिवाय, म्हणता येतो. कब्बालात शब्बाथची, म्हणजे शब्बाथच्या स्वागताची, सहा स्तोत्रं (९५ ते ९९ आणि २९), सोळाव्या शतकात सफेदमध्ये रचलेलं ‘लेखा दोदी’, नंतरची ९२ आणि ९३ ही स्तोत्रं, शमा (‘ऐक, इस्राएल’), ‘शालोम अलेखेम’ हे गाणं, या कशालाही दहा जण लागत नाहीत. लागतात ते बारखू (प्रार्थनेचं जाहीर आवाहन), कद्दिश, कदुशा (देवाच्या पावित्र्याचं सामूहिक पठण) आणि तोराचं जाहीर वाचन यांना. म्हणून संमिश्र गटानं ९३व्या स्तोत्रापाशी थांबावं. बारखूच्या आधी थांबलात तर कोण मोजायचं हा प्रश्न उठतच नाही, आणि बाई पुढे उभी राहून गाते आहे यावरही मध्यममार्गी ऑर्थोडॉक्स माणसाला निदान नियमाचं कलम दाखवावं लागत नाही. (बाईचं गाणं ऐकणंच टाळणारा माणूस असेल तर तो मुळात अशा गटात येणार नाही, त्याच्यासाठी रचना करत बसू नका.) यरुशलेमच्या शिरा हदाशा मंडळीनं २००२ पासून हाच धागा धरला आहे. मध्ये पडदा, दहा पुरुष आणि दहा स्त्रिया दोन्ही जमेपर्यंत थांबायचं, आणि मिन्यान न लागणारे भाग स्त्रियांनी चालवायचे. ती धार्मिक मंडळीच आहे, सेक्युलर नव्हे, पण तुमच्या कामाची युक्ती तिथे आहे.

आता कद्दिश. इथे घाई करू नका.

आई-वडील गेले की मूल ११ महिने कद्दिश म्हणतं, पुढे दर वर्षी पुण्यतिथीला. मजकुरात मरणाचा शब्दही नाही, सगळी देवाची थोरवी. तरीही बाकी सगळ्या प्रार्थना सोडून दिलेला सेक्युलर माणूस कद्दिश मात्र अक्षरशः, अरामीतच मागतो, कारण स्मशानात त्यानं तेच ऐकलेलं असतं. इस्रायलमध्ये बहुतेक यहुदी दफनं ऑर्थोडॉक्स हेव्रा कदिशाच्या, म्हणजे दफनाची व्यवस्था बघणाऱ्या मंडळीच्या, हातून होतात. पर्यायी नागरी दफनाचा कायदा १९९६ मध्ये झाला, पण बहुतेकांच्या कानात अजून जुनेच शब्द आहेत. मग होतं असं: गटातल्या एकाचे वडील जातात, पुढच्या शुक्रवारी तो उभा राहतो, कुणीतरी मोजतं, आणि खोलीत सात पुरुष आणि नऊ बायका निघतात. सेक्युलर माणसाच्या मते दहा कधीच झाले. धार्मिक माणसाच्या मते झालेच नाहीत, आणि तो ‘आमेन’ म्हणायला तोंड उघडत नाही. शोकात असलेला माणूस मध्ये उभा. याच प्रसंगावरून दुखावलेली माणसं परत येत नाहीत, आणि त्यांना दोषही देता येत नाही.

म्हणून हे कुणी जाण्याआधी ठरवायचं, पहिल्याच बैठकीत, लेखी. मार्ग तीन. एक, दहा पुरुष: तुमच्या गटातल्या बायका हे मान्य करणार नाहीत, आणि का करावं? दोन, दहा प्रौढ, स्त्री-पुरुष कुणीही: हे ठरवलंत तर ती दोन कुटुंबं जेवायला येतील, प्रार्थनेला नाही. तीन, या गटात मिन्यान नाहीच. तुमच्यासारख्या गटाला मी तिसरा सुचवेन. कुणी शोकात असेल तर गटातले लोक त्याच्यासोबत जवळच्या सिनेगॉगमध्ये कद्दिशपुरते जातील, आणि गटाच्या टेबलावर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन स्मरणाचा वेगळा पाठ होईल. असा पाठ नव्यानं लिहायची गरज नाही. तेल हाइच्या लढाईत १९२० साली माणसं पडली तेव्हा बेर्ल कात्झनेलसन यांनी ‘देव स्मरो’च्या जागी ‘इस्राएलचे लोक स्मरोत’ अशी सुरुवात करून यिज्कोर, म्हणजे स्मरणपाठ, लिहिला. पुढे लष्करी स्मरणविधीत काही ठिकाणी ‘देव स्मरो’ परत आलं आणि २०११च्या सुमारास त्यावरून जाहीर वाद पेटला. दोन शब्दांवरून किती ताणलं जाऊ शकतं याची कल्पना असावी म्हणून सांगतो. घरगुती स्मरणात मात्र कात्झनेलसन यांच्या साच्यावर सहसा कुणी हरकत घेत नाही, कारण त्यात देव नाकारलेला नाही, फक्त आठवणीचं काम माणसांवर टाकलं आहे.

सेक्युलर निर्मिती उलट्या दिशेनंही प्रवास करते. बेत हाशिता या किबुत्झचे, म्हणजे सामुदायिक वसाहतीचे, ११ तरुण १९७३च्या योम किप्पूर युद्धात गेले. संगीतकार याइर रोझेनब्लुम यांनी १९९० मध्ये तिथल्या मंडळींसाठी ‘उनेताने तोकेफ’ या मध्ययुगीन प्रार्थनेला नवी चाल लावली. धर्माशी फटकून राहिलेल्या किबुत्झमधली ती चाल आज पुष्कळ सिनेगॉगमध्ये योम किप्पूरला ऐकू येते. तुमच्या गटाला सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सणांत एकच काही करायचं झालं तर हे गाणं शिका.

स्वयंपाकघराबद्दल: ‘सगळं शाकाहारी ठेवू, म्हणजे प्रश्न मिटला’ हे वाक्य दर गटात कुणीतरी म्हणतंच. नाही मिटत. चीजला कोशेरचा शिक्का लागतो, व्हिनेगर द्राक्षाचं असेल तर त्यालाही. पालेभाजीत किडे बघावे लागतात. इस्रायलमध्ये पिकलेल्या फळभाज्यांतून दशांश काढलेला असावा लागतो. देखरेखीखालच्या दुकानात तो आधीच काढलेला असतो, रस्त्यावरच्या गाडीवर नाही. आणि मुख्य म्हणजे भांडं. ज्या पातेल्यात काल मटण आणि परवा खीर झाली, त्यात शिजवलेली निव्वळ मुगाची उसळही पाळणाऱ्याला चालत नाही. म्हणून शिजवलेलं अन्न फक्त त्या दोन घरांतून किंवा शिक्का असलेल्या दुकानातून, बाकीच्यांनी सीलबंद वस्तू, फळं, कागदी ताटं आणि खर्चातला वाटा आणायचा. खर्चाचा वाटा महिनाअखेरीला जमा करा. शब्बाथला पैशांना हात लावत नाहीत. वाइनची बाटली ‘मेवुशाल’, म्हणजे तापवलेली, असं लेबल बघून घ्या. साध्या कोशेर वाइनमध्ये ती कोणी ओतली हा प्रश्न निघू शकतो, आणि पाहुण्याच्या हातातून बाटली काढून घेण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

जेवण गरम ठेवायला प्लाटा, म्हणजे शब्बाथची विजेची तवी, सूर्यास्ताआधी लावून अन्न तिच्यावर ठेवायचं. नंतर गार सूप चढवता येत नाही. पाण्याचा बंबही आधीच चालू. भाड्याच्या सभागृहात एक गोष्ट नेहमी निसटते: संडासातला आपोआप लागणारा दिवा. शुक्रवारी दुपारी त्या सेन्सरवर चिकटपट्टी लावून दिवा चालूच ठेवा, आणि रोलऐवजी सुट्या कागदांचा डबा ठेवा, कारण फाडणंही वर्ज्य कामांत मोडतं. ही कामं ३९ आहेत. सगळी पाठ करायची गरज नाही, पण ही दोन ठेवा ध्यानात. ज्या घरानं हे काही न बोलता करून ठेवलेलं असतं तिथे धार्मिक पाहुणे आपणहून पुन्हा येतात. सेक्युलर लोकांना हे फाजील वाटलं तर त्यांनाही त्यांचा हक्क स्पष्ट द्या: बाहेर अंगणात फोन बघायला, सिगारेट ओढायला, गाडीनं घरी जायला कुणी टोकणार नाही. खोलीच्या आत मात्र फोन नाही, फोटो नाही. ही ‘आत-बाहेर’ रेघ दोन्ही बाजूंना पटते असा अनुभव आहे.

सदस्य कोण, यावर दोन्ही दृष्टिकोन सगळ्यात लांब जातात. ऑर्थोडॉक्स हिशेब: आई यहुदी, किंवा तीन जणांच्या बेत दीनसमोर, म्हणजे धर्मन्यायालयासमोर, रीतसर धर्मांतर. अमेरिकन रिफॉर्मनं १९८३ पासून यहुदी म्हणून वाढवलेल्या मुलाच्या बाबतीत वडीलही चालवून घेतले. ह्युमनिस्टिक गट यहुदी लोकांच्या इतिहासाशी आणि भवितव्याशी स्वतःला जोडून घेणाऱ्या कुणालाही आपलं म्हणतात. बेने इस्रायल घरांना हा प्रश्न पुस्तकी नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या रब्बीनेटनं, म्हणजे सरकारी धर्मपीठानं, त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी करायचे निर्देश काढले होते, त्याविरुद्ध उभं राहिलेलं आंदोलन १९६४ पर्यंत चाललं, आणि क्नेसेटनं, म्हणजे संसदेनं, ते पूर्ण यहुदी आहेत असं ठणकावलं तेव्हा कुठे ते मिटलं. त्यामुळे कुणाची आई कोण, हे गटात विचारायचं नाही असा नियमच करा. मिन्यान नसलेल्या गटाला ते विचारायची गरजही पडत नाही. तिसरा मार्ग निवडण्याचं हे आणखी एक कारण.

बेने इस्रायल परंपरेकडे तुमच्या गटासाठी एक तयार गोष्ट आहे आणि ती वापरली जात नाही याचं मला नवल वाटतं: मलिदा. भिजवलेले पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलदोडा, सुका मेवा, भोवती फळं. एलियाहू हन्नावीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं. झाडाच्या फळाची आणि जमिनीतल्या फळाची वेगवेगळी बराखा. शुभकार्य, नवस फिटणं, नवं घर, आजारातून उठणं, कशालाही चालतो. मिन्यानची अडचण नाही, शिजवायचं काही नाही, भांड्यांचा प्रश्न जवळपास नाही. हे तुमच्या गटातल्या पुष्कळांच्या घरचं आहे आणि ना ते धड सेक्युलर ना काटेकोर धार्मिक. इस्रायलमध्ये अशा वृत्तीला ‘मसोर्ती’ म्हणतात, परंपरा जपणारे पण कलमं न मोजणारे. प्यूच्या इस्रायलमधल्या पाहणीत २९ टक्के निघाले ते हेच. आणि मराठी यहुद्यांना उदारमतवादही परका नाही. डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानं मुंबईत १९२५ मध्ये ज्यूइश रिलिजस युनियन ही उदारमतवादी मंडळी उभी राहिली होती.

ज्या कामात दोन्ही बाजू खरोखर बरोबरीनं बसतात ते म्हणजे अभ्यास. यरुशलेममध्ये १९८९ साली सुरू झालेलं एलुल हे बेत मिद्राश, म्हणजे अभ्यासघर, मुद्दाम दोघांनी एकत्र शिकण्यासाठीच होतं. पुढे पंतप्रधान राबिन यांच्या हत्येनंतर १९९६ मध्ये बिना ही संस्था निघाली आणि तिनं २००६ मध्ये तेल अवीवला सेक्युलर येशिवा, म्हणजे यहुदी ग्रंथांची पाठशाळा, काढली. पद्धत हव्रुताची: दोघांची जोडी, एक पान, २५ मिनिटं, मोठ्यानं वाचायचं, मग सगळ्यांनी १५ मिनिटं. बिघडतं ते एका ठरलेल्या जागी. धार्मिक माणूस नकळत शिक्षक होतो, सेक्युलर माणूस मान डोलावणारा पाहुणा होतो, आणि तिसऱ्या आठवड्याला त्याला काम निघतं. तेव्हा मजकूर असा निवडा की दोघांनाही अर्धा नवा: तालमुदमधली दहा-बारा ओळींची गोष्ट आणि तिच्या शेजारी तिच्यावर वाद घालणारी आधुनिक हिब्रू कविता. राशी या मध्ययुगीन भाष्यकाराचं भाष्य पहिल्या फेरीत द्यायचं नाही. दिलंत की उत्तर मिळालं असं वाटून चर्चा संपते.

दमणुकीचा मुद्दा उरला. धार्मिक गटाचा सांगाडा तयार असतो. सिद्दूर, म्हणजे प्रार्थनापुस्तक, उघडून कुणीही शिकलेला माणूस उद्या प्रार्थना चालवू शकतो, तयारी शून्य. सेक्युलर गट दर आठवड्याला नवं पत्रक, नव्या कविता, नवी कल्पना करत बसतो, आणि दोन-तीन हौशी माणसं वर्षभरात दमली की गट संपतो. पुष्कळ सेक्युलर गट मतभेदानं नव्हे, या दमणुकीनं मरतात. म्हणून तुमच्या पत्रकाचा तीन चतुर्थांश भाग कायमचा ठेवा: तीच सहा-सात गाणी, त्याच चाली. बदलायचं ते फक्त अभ्यासाचं पान आणि एक कविता. एकूण वेळ तासाभरापेक्षा जास्त नको, लहान मुलं असतील तर पन्नास मिनिटं. महिन्यातून एकदा जमा. दर शुक्रवारची घोषणा करून मार्चमध्ये बंद पडण्यापेक्षा ते बरं. प्रत्येक वेळी चालवणारे दोघं, एक पाळणारा आणि एक न पाळणारा, आणि पुढच्या महिन्याची जोडी त्याच टेबलावर ठरवून उठायचं. तारीख आणि नावं मात्र शनिवारी रात्री तीन तारे दिसल्यावर, म्हणजे शब्बाथ संपल्यावर, लिहून पाठवा, नाहीतर पाळणाऱ्यांच्या देखत कुणीतरी पेन काढेल.

पत्रक कागदावरच हवं, फोनवर नको. छापताना देवाचं चार अक्षरी नाव पूर्ण छापू नका, त्याऐवजी योद हे हिब्रू अक्षर दोनदा छापा. पूर्ण नाव छापलेला कागद कचऱ्यात टाकता येत नाही, तो सिनेगॉगच्या गेनिझात, म्हणजे जीर्ण पवित्र कागदांच्या साठ्यात, द्यावा लागतो, आणि मुलं त्याच कागदाची विमानं करतात.